‘उत्तर निम्मंच येतंय, मॅडम’

विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ती वडिलांबरोबर आली. एम.एस्सी. भौतिकशास्त्र, शेवटचं वर्ष. वडील मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात असतात. तेच आधी बोलले, “ताई, हिला प्रयोगशाळा सोडून कॉम्प्युटरचा प्रोजेक्ट दिलाय. तीन आठवडे झाले, नीट जेवत नाही. म्हणते, मला कोडिंग जमत नाही, सोडून देते.”

‘कोडिंग जमत नाही’ हे वाक्य मी बऱ्याच मुलांकडून ऐकलंय. त्यामागे दरवेळी कोडिंगच असतं असं नाही. वडिलांना बाहेर बसायला सांगितलं.

गोष्ट एवढीच होती. क्वांटम एस्प्रेसो या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तिला सिलिकॉनचा बँड गॅप, म्हणजे त्यातल्या इलेक्ट्रॉनला मोकळं होऊन वीज वाहायला लागणारी किमान ऊर्जा, काढायचा होता. प्रयोगातून आलेला आकडा सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तिचा यायचा ०.६.

“सरांना दाखवलंस?”

“नाही. काय म्हणतील?”

तिची वही मागितली. गणित किती बारकाईनं करायचं ते ठरवणारे कटऑफ आणि के-पॉइंट्स वाढवून तिनं तेच गणित अकरा वेळा चालवलं होतं, प्रत्येक वेळची नोंद तारखेसह. मी काही शास्त्राची नाही, पण अशी वही लिहिणाऱ्या मुलीला काही जमत नाही, हे मला पटेना. माझ्यासमोरच तिनं सरांना वहीच्या पानांचे फोटो पाठवले. थोड्या वेळानं फोन आला. सर हसत होते, “अगं, ०.६च यायला पाहिजे! बरोबर केलंयस.”

मग कारण तिनंच मला समजावलं, तेही पाठ ताठ करून. तिनं वापरलेली पद्धत १९६४-६५मधल्या सिद्धांतावर उभी आहे. त्या कामासाठी वॉल्टर कोन यांना १९९८मध्ये नोबेल मिळालं. पण इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या परिणामाचा एक भाग अंदाजानंच धरावा लागतो, आणि नेहमीचे अंदाज बँड गॅप कमी दाखवतात. जवळचं उत्तर हवं तर दोन प्रकारचे हिशोब मिसळणारी हायब्रिड पद्धत आहे, पण तिला संगणकाचा वेळ फार लागतो.

वडिलांना आत बोलावलं. “म्हणजे अंदाजपंचेच की सगळं!” ते म्हणाले.

तिनं त्यांना हैदराबादच्या अनीसुर रहमान या भौतिकशास्त्रज्ञांची गोष्ट सांगितली. १९६४मध्ये त्यांनी संगणकात आर्गॉन या वायूचे फक्त ८६४ अणू हलवले, आणि द्रव आर्गॉनमध्ये अणू कसे पसरतात ते प्रयोगाशी जुळणारं निघालं. वडील क्षणभर गप्प राहिले. “मूठभर हळकुंडं बघून आम्ही अख्ख्या ढिगाची बोली लावतोच की.”

सर चिडके असते तर मला दुसरी वाट शोधावी लागली असती, हेही खरं. आणि ती अजूनही त्यांना चटकन विचारत नाही. आता तीन आठवड्यांऐवजी तीन दिवस लागतात.