‘ओप्पा’ म्हणजे दादा नव्हे

एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, कोरियन मालिकांतील नायिका आपल्या सख्ख्या मोठ्या भावाला ‘ओप्पा’ म्हणते आणि जिवापाड प्रेम असलेल्या नायकालाही ‘ओप्पा’च म्हणते, मग या शब्दाचा नेमका अर्थ काय, मराठीत लिहिताना त्याजागी ‘दादा’ वापरावा का, आणि चाळिशीतल्या मराठी बाईने पंचविशीतल्या कोरियन गायकाला ‘ओप्पा’ म्हटले तर ते चूक ठरते का?

‘ओप्पा’ म्हणजे बाईमाणसाने आपल्यापेक्षा वयाने मोठ्या, पण आपल्याच पिढीतल्या आणि जवळिकीतल्या पुरुषाला हाक मारण्याचा शब्द. या व्याख्येत बोलणारी कोण हे आधी येते आणि ज्याला हाक मारायची तो नंतर येतो. मराठीत मोठ्या भावाला मुलगाही दादा म्हणतो आणि मुलगीही. कोरियनमध्ये तसे चालत नाही. मुलीचा मोठा भाऊ ‘ओप्पा’, पण मुलाचा मोठा भाऊ ‘ह्यॉंग’. मुलीची मोठी बहीण ‘ऑन्नी’, पण मुलाची मोठी बहीण ‘नूना’. एकाच घरातल्या थोरल्या मुलाला धाकटी बहीण एका शब्दाने हाक मारते आणि धाकटा भाऊ दुसऱ्याच शब्दाने. धाकट्यांसाठी मात्र ‘तोंगसेंग’ हा एकच शब्द पुरतो आणि हाक मारताना बहुधा नुसते नावच घेतात.

ही रीत आपल्याला वाटते तितकी परकी नाही. ‘हा माझा दीर’ किंवा ‘ही माझी नणंद’ असे वाक्य मराठीत बाईच बोलू शकते. पुरुषाला बायकोच्या भावंडांसाठी मेहुणा आणि मेहुणी हे शब्द वापरावे लागतात. सासरच्या नात्यांत आपण जो भेद पाळतो, तो कोरियन माणूस माहेरच्या भावंडांतही पाळतो, एवढाच फरक. ही वाटणी कोरियनमध्येही सदासर्वकाळ इतकी काटेकोर नव्हती. १९४६ साली तिथल्या शाळांतील निरोपसमारंभासाठी रचलेल्या गीतात शाळा सोडून जाणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांना, त्यांत मुलगे आणि मुली दोन्ही आले, ‘ऑन्नी’ असेच संबोधले आहे. उलट १९८०च्या दशकात विद्यापीठातल्या अनेक विद्यार्थिनी आपल्या वरच्या वर्गातल्या मुलांना ‘ह्यॉंग’ म्हणत असत. ऐतिहासिक मालिकांत ‘ओप्पा’ऐवजी ‘ओराबोनी’ हे जुने, अदबीचे रूप कानावर पडते, तेही लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे.

आता प्रेमाचा प्रश्न. मराठी कानाला इथे खटकते, कारण आपल्याकडे ‘दादा’ म्हटले की राखीपौर्णिमा आणि भाऊबीज पाठोपाठ येतात. अनोळखी रिक्षाचालकाला ‘दादा, जरा थांबा’ म्हणताना त्या हाकेतच एक सुरक्षित अंतर आखलेले असते. कोरियन हाक असे अंतर आखत नाही, उलट असलेले अंतर कमी करते. रक्ताच्या नात्याचे निर्बंध तिथे सैल आहेत, असेही नाही. एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळगावच्या कुळातल्या स्त्रीपुरुषांचे लग्न दक्षिण कोरियाच्या कायद्याला बराच काळ मान्य नव्हते; १९९७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती बंदी घटनेशी विसंगत ठरवली. सगोत्र विवाहाबाबत इतका कडक असलेला समाज प्रियकराला ‘ओप्पा’ म्हणताना अडखळत नाही, याचा अर्थ उघड आहे. घराबाहेर पडल्यावर या शब्दातले रक्ताचे नाते मागे राहते; सोबत येतात ती वयाची पायरी आणि आपलेपणा.

म्हणूनच मालिकेत तो पहिल्यांदा उच्चारला जातो ती घटना ठरते. नायिका सुरुवातीला नायकाच्या नावापुढे ‘श्शी’ लावते, म्हणजे साधारण आपल्या ‘राव’ किंवा ‘साहेब’सारखे औपचारिक अंतर ठेवते, तो शिक्षणात किंवा नोकरीत वरचा असेल तर ‘सॉन्बे’ म्हणते. काही भागांनंतर एका संध्याकाळी तिच्या तोंडून ‘ओप्पा’ निघते आणि समोरचा बोलता बोलता थांबतो. सबटायटलमध्ये त्या क्षणी बहुतेक वेळा त्याचे नुसते नाव दिसते. आपल्याकडे दोघे अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येतात तेव्हा जे घडते, त्याच्या जवळपासचे काहीतरी तिथे घडून गेलेले असते आणि वाचणाऱ्या प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्या मते या मालिका पाहताना परक्या प्रेक्षकाचे सर्वांत मोठे नुकसान होते ते इथेच. कथानक समजते, पण कोण कोणाच्या किती जवळ आले हे समजत नाही.

‘ह्यॉंग’चे एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२१ साली जगभर पाहिल्या गेलेल्या ‘स्क्विड गेम’ या मालिकेत अली नावाचा पाकिस्तानी कामगार आहे; दिल्लीचे अभिनेते अनुपम त्रिपाठी यांनी ती भूमिका केली आहे. अली सुरुवातीला शिकल्यासवरलेल्या सांगऊला ‘साजांगनिम’, म्हणजे मालक, म्हणतो. कोरियात राबणारा परदेशी मजूर एरवीही हाच शब्द दिवसभर उच्चारत असतो. पुढे सांगऊ स्वतःच त्याला सांगतो की, मला ‘ह्यॉंग’ म्हण. मालक होता तो थोरला भाऊ झाला आणि अलीने त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. गोट्यांच्या खेळात सांगऊ त्याला फसवतो आणि अली त्याला शोधत हाका मारत राहतो, तेव्हा ती हाक ‘ह्यॉंग’ अशीच असते. हा शब्द ज्याला कळतो त्याला ती फसवणूक घरातल्या माणसाने केल्यासारखी लागते. इथे ‘सर’ किंवा नुसते नाव घातले तर निम्मा प्रसंग वाया जातो. आणि मराठी अनुवादकाला इथे ‘दादा’ बिनदिक्कत वापरता येईल, हेही नोंदवतो. ‘दादा’ कोरियन नात्यांना सर्वत्रच अपुरा पडतो असे नाही. तो अपुरा पडतो तो प्रेमाच्या जागी.

‘नूना’ची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. ई सुंगगी या गायकाचे २००४ मधले पदार्पणाचे गाणे याच शब्दाभोवती फिरते: वयाने लहान मुलगा आवडत्या मुलीला सांगतो की, कोणी काही म्हटले तरी आता मी तुला ‘तू’ म्हणणार. ‘ओप्पा’ म्हणून मुलगी जवळ येते आणि ‘नूना’ सोडून मुलगा जवळ येतो. पुरुषाने वयाने मोठे असावे, ही समाजाची अपेक्षा या दोन शब्दांच्या वागण्यात स्पष्ट दिसते आणि ती मला मान्य नसली तरी शब्द समजून घेताना दृष्टीआड करता येत नाही.

पुरुषाने स्वतःलाच ‘ओप्पा’ म्हणण्याचाही प्रघात आहे. २०१२ च्या ‘गांगनाम स्टाइल’ या कोरियन गाण्यात अनेकांना ‘ओपन’ असे ऐकू आले, तो शब्द वास्तविक ‘ओप्पान’ आहे: ‘ओप्पा’ला ‘नन’ हा प्रत्यय लागून आखडलेले रूप. गायक स्वतःविषयीच ‘ओप्पा’ असे तृतीयपुरुषी बोलतो आहे. ‘बाबा उद्या खाऊ आणतील हं’ असे मुलाला सांगणाऱ्या बापाची वाक्यरचना अशीच असते.

लेखनाविषयी. शब्दातला जोडाक्षरासारखा उच्चार महत्त्वाचा आहे, म्हणून ‘ओपा’ किंवा ‘ओफा’ असे न लिहिता ‘ओप्पा’ लिहावे. कोरियनमध्ये ओठांवर उच्चारले जाणारे तीन वेगळे स्फोटक वर्ण आहेत: एक सौम्य, जो दोन स्वरांमध्ये आपल्या ‘ब’सारखा ऐकू येतो, एक श्वास सोडून उच्चारलेला, ‘फळ’मधल्या ‘फ’सारखा, आणि एक ताठ, श्वास न सोडता उच्चारलेला. ‘ओप्पा’तला वर्ण हा तिसरा. इंग्रजीभाषकाला तो साधण्यास कष्ट पडतात. मराठी माणसाला ‘आप्पा’ म्हणता येत असेल तर अर्धे काम झालेले आहे. योगायोग असा की कोरियनमध्येही ‘आप्पा’ म्हणजे बाबा. परंतु बालबोलीतल्या अशा साम्यावरून दोन भाषांचे नाते सिद्ध होत नाही, म्हणून त्या मोहात पडू नये.

मराठी वाक्यात हा शब्द दादा, काका, मामा यांच्या पंक्तीत बसवावा. घोडा-घोड्याला असे सामान्यरूप या शब्दांत होत नाही. आपण काकाला, मामाला म्हणतो, तसेच ‘ओप्पाला’, ‘ओप्पाने’, ‘ओप्पाचा’ असे लिहावे. ‘नूना’चेही शाळा-शाळेला याप्रमाणे ‘नूनेला’ न करता ‘नूनाला’ करावे. ‘ऑन्नी’ आजी-मावशीप्रमाणे चालेल. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने सप्टेंबर २०२१ मध्ये कोरियन वळणाचे सव्वीस शब्द घेतले, त्यांत ओप्पा, नूना आणि ऑन्नी हे तिन्ही आहेत. मराठीनेही ते भाषांतर न करता जसेच्या तसे घ्यावेत, असे मला वाटते.

उरला चाहत्यांचा प्रश्न. गायकाला ‘ओप्पा’ म्हणण्याची प्रथा परदेशी चाहत्यांनी पाडलेली नाही. १९८०च्या दशकात गायक छो योंगपिल यांच्या कार्यक्रमांत किंचाळणाऱ्या मुलींच्या घोळक्यांना कोरियनमध्ये ‘ओप्पाबुदे’, म्हणजे ओप्पांची फौज, असे नावच पडले होते. वयाचे म्हणाल तर ‘देखणा असेल तो प्रत्येक जण ओप्पा’ अशा अर्थाचा वाक्प्रयोग कोरियन बायकाच हौसेने करतात, आणि धाकट्या गायकाला तो शब्द लावताना त्यांनाही त्यातली लाडिक अतिशयोक्ती ठाऊक असते. तेव्हा चाळिशीतल्या बाईने मैत्रिणींच्या गप्पांत किंवा गाणे ऐकताना ‘ओप्पा’ म्हणण्यात काहीच गैर नाही. पुरुष चाहत्याने मात्र तो वापरू नये. त्याचा शब्द ‘ह्यॉंग’, आणि तोही गायक वयाने मोठा असेल तरच. वयाने मोठ्या गायिकेला स्त्री चाहतीने ‘ऑन्नी’ म्हणावे, पुरुषाने ‘नूना’.

पत्र लिहायचे असेल किंवा समोरासमोर भेटण्याचा योग आला, तर वयाने मोठ्या चाहत्याने यांपैकी काहीच न वापरता कलावंताच्या नावापुढे ‘निम’ लावावे. ‘निम’ आदरार्थी आहे, तो वय विचारत नाही आणि स्त्रीपुरुषांत भेद करत नाही. ‘श्शी’ही औपचारिकच आहे, पण चाहत्याच्या तोंडी तो थोडा कोरडा वाटतो.