फांदीवरून पडलेला शॅमेलिऑन

प्रश्न: माझा पाळलेला शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) काल फांदीवरून पडला, पुढचा पाय सुजलाय, कोपराजवळ थोडं खरचटलंय आणि दिवसा पण डोळे मिटून बसतोय. घरीच हळद वगैरे लावून बरा होईल का?

उत्तर: हळद नको, आणि माणसांची पेनकिलर तर अजिबातच नको. खरचटलंय तिथे सलाईनने हळूच धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक औषध) फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून कापसाने टिपा, बस. पाय सुजलाय म्हणजे हाड मोडलेलं असू शकतं, घरी पट्टी बांधायला जाऊ नका, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडून एक्स-रे काढून घ्या. आणि दिवसा डोळे मिटून बसणं मला पायापेक्षा जास्त खटकतंय, हे प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतात त्यामुळे आजच जा, उद्यावर ढकलू नका.

तोपर्यंत पिंजऱ्यातल्या फांद्या खाली आणा, खाली मऊ टॉवेल घाला, उगाच हातात घेऊ नका. वाटीतलं पाणी तो बहुतेक पिणार नाही, पानांवर फवारा मारा, थेंब चाटेल. रात्री उरलेले क्रिकेट्स (खायला दिलेले जिवंत रातकिडे) मात्र काढाच, ते जखम कुरतडतात (हो, खाऊच उलटा चावतो!).

पिंजऱ्यावरची यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा) किती जुनी आहे तेही बघा, ती पेटते पण कालांतराने यूव्हीबी कमी होतं, मग शरीरात व्हिटॅमिन डी३ बनत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि हाडं साध्या पडण्यानेही मोडतात.