भरतीवर चढणारे पाणी

प्रश्न : अलिबाग तालुक्यात धरमतर खाडीच्या काठी, खारबांधाच्या (भरतीचे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) आत आमचे घर आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले तेव्हा भरतीपेक्षा एक ते दोन मीटर उंच लाटा येतील, असा इशारा होता. आम्ही सामान पोटमाळ्यावर चढवले. पत्रे उडाले, पण खाडीचे पाणी बांधाबाहेरच राहिले. मग संगणकावरच्या या अंदाजांवर कितपत विसंबावे? आता आम्ही नवे घर बांधत आहोत आणि मोजणीप्रमाणे जोते सरासरी समुद्रसपाटीपासून ३ मीटरवर येते. तक्त्यातील साडेचार मीटरच्या भरतीत २ मीटर मिळवले तर साडेसहा होतात; म्हणजे जोते आणखी साडेतीन मीटर उचलायचे का?
— एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : आधी बेरीज दुरुस्त करू, कारण ही चूक भल्याभल्यांकडून होते. भरतीच्या तक्त्यातील उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली नसते, तर अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. तो तक्ता मुळात बोटीखाली पाणी किती आहे हे कळण्यासाठी केलेला. मुंबईत ही शून्यरेषा सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. म्हणून साडेचारची भरती तुमच्या मोजणीच्या हिशेबात २ मीटरची ठरते. तिच्यावर दीड मीटर वादळी पाणी चढले तर ते जोत्याच्या अर्धा मीटर वर जाईल आणि दोन मीटर चढले तर एक मीटर वर. खाडीच्या आत भरतीची उंची मुंबईच्या तक्त्याहून थोडी वेगळी असते, तेव्हा हा हिशेब ढोबळच समजावा.

इशाऱ्यातील ‘लाटा’ या शब्दानेही घोटाळा होतो. येथे लाट येऊन फुटत नाही, तर समुद्राची सगळी पातळीच काही तास फुगून राहते, आणि नेहमीच्या लाटा त्या फुगवट्यावर स्वार होऊन येतात. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येते. ‘निसर्ग’च्या केंद्रातील दाब ९८४ हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे भोवतालच्या दाबाहून साधारण वीसने खाली उतरला होता, म्हणून दाबाचा वाटा वीस सेंटीमीटरच्या आसपास. बाकीचे काम वारा करतो. त्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि समुद्र जितका उथळ, तितके पाणी जास्त चढते, कारण किनाऱ्याकडे ढकललेल्या पाण्याला तळाशी परत फिरायला जागाच उरत नाही. बंगालच्या उपसागराचे टोक उथळ आणि निमुळते असल्यामुळेच नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळाने तेथे लाखो माणसांचा बळी घेतला.

मग तुमच्याकडे पाणी का आले नाही? वादळातील वारा आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या परिसरात जमिनीवर आले आणि ईशान्येकडे सरकले. त्यामुळे त्याच्या उजव्या, म्हणजे दक्षिणेकडील किनाऱ्यावर वारा समुद्राकडून आला, तर उत्तरेला तुमच्याकडे तो बराच वेळ जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. दुसरे कारण वेळेचे. वटपौर्णिमा ५ जूनला होती, म्हणजे दिवस उधाणाचेच होते. पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा आडाखा लावून पाहा, ३ जूनच्या द्वादशी-त्रयोदशीला सकाळची भरती नऊ-दहाच्या सुमारास येते, आणि वादळ टेकले दुपारी, ओहोटी लागल्यावर. मार्ग पन्नास-साठ किलोमीटर उत्तरेला असता आणि वेळ चार तास आधीची असती, तर तुमचे पत्र वेगळे असते. इशाऱ्यात आकड्यांचा पट्टा असतो तो यासाठीच. एवढ्यावरून अंदाज काढणारे संगणकाचे मॉडेल चुकले असे मी म्हणणार नाही.

मॉडेलची खरी मर्यादा दुसरीकडे आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्राविषयी माहिती व इशारे देणारी सरकारी संस्था ‘ॲडसर्क’ या ज्या मॉडेलवर अंदाज काढते, त्यात समुद्रावर त्रिकोणांची जाळी पसरलेली असते. ती खोल समुद्रात विरळ असते, किनाऱ्याजवळ दाट. पण दीड-दोन मीटर रुंद माथ्याचा खारबांध जाळीच्या एका त्रिकोणात सहज हरवतो. बांध हरवला की नकाशावर सगळी खाजण (खाडीकाठची सखल जमीन) बुडालेली दिसते. उलट बांध अभेद्य भिंतीसारखा धरला, तर खेकड्यांनी पोखरलेली जागा आणि उघाडीची (बांधातून पाणी सोडण्याच्या दाराची) न मिटणारी झडप संगणकाला दिसत नाही, आणि पाणी नेमके तिथूनच शिरते.

घर बांधताना एका वादळाचा नव्हे, तर अनेक शक्य वादळांचा विचार करावा लागतो. आपल्या किनाऱ्यावर थेट आलेली वादळे मोजकी आहेत (नोव्हेंबर २००९ चे ‘फयान’ तुम्हाला आठवत असेल), म्हणून अभ्यासक हजारो काल्पनिक वादळे निरनिराळ्या मार्गांनी आणि भरतीच्या निरनिराळ्या वेळी किनाऱ्यावर आणून पातळ्यांची वर्गवारी करतात. ‘शंभर वर्षांतील एक पूर’ हा शब्दप्रयोग अशाच हिशेबात वापरतात. याचा अर्थ पुढची नव्व्याण्णव वर्षे निवांत असा नसून दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे, आणि तीस वर्षांत ती सुमारे सव्वीस टक्क्यांवर जाते.

साडेतीन मीटर जोते उचलण्याची गरज मला दिसत नाही. एक ते सव्वा मीटरचा विचार मात्र जरूर करावा. त्याआधी मोजणीदाराकडून बांधाच्या माथ्याची आणि उघाडीच्या तळाची पातळी जोत्याच्याच शून्यरेषेवरून घ्यावी. बांधाचा माथा सर्वांत खचलेल्या ठिकाणी मोजावा, कारण पाणी आधी तिथूनच चढेल.