वाचकांचे प्रश्न : तीन अठ्ठ्या आणि तोकडी मिळकत

प्रश्न : मित्रांबरोबर टेक्सास होल्डेम पोकर (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि टेबलावर टप्प्याटप्प्याने उघडणारे पाच सामायिक पत्ते) खेळताना माझ्या हातात दोन अठ्ठ्या आल्या आणि टेबलावर बदामचा राजा, किलवरची अठ्ठी व बदामची पंजी उघडली. समोरचा डाव सोडून पळून जाऊ नये म्हणून मी दोन फेऱ्या चेक करत (काहीही न लावता खेळ पुढे सोडत) राहिलो आणि शेवटच्या फेरीत बेट लावली. डाव जिंकलो, पण चिप्स जेमतेम मिळाल्या. असे का झाले?

उत्तर : पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, प्रत्येक फेरीत गुणाकाराने वाढतो आणि आपण त्यातल्या दोन फेऱ्या वाया घालवल्या. पॉटमध्ये 100 चिप्स आहेत आणि दोघांकडेही भरपूर शिल्लक आहे असे धरू. तिन्ही फेऱ्यांत पॉटच्या पाऊणपट बेट लावली आणि समोरचा कॉल करत (तेवढ्याच चिप्स भरून डावात) राहिला, तर तो आधी 75, मग सुमारे 187 आणि शेवटी सुमारे 469, म्हणजे एकूण 730 च्या आसपास चिप्स भरतो. फक्त शेवटच्या फेरीत तीच पाऊणपट बेट लावली, तर पदरात 75 पडतात. राहिला प्रश्न पळून जाण्याचा. राजाची जोडी धरून बसलेला माणूस पहिल्याच बेटला पत्ते टाकत नाही, हे कोणत्याही टेबलावर दिसते.

शिवाय टेबलावर दोन बदाम होते. हातात आणखी दोन बदाम असलेल्याचा फ्लश (एकाच रंगाचे, इथे बदामचे, पाच पत्ते; हे तीन अठ्ठ्यांना हरवतात) पुढच्याच पत्त्यावर पूर्ण होण्याची शक्यता सुमारे 19 टक्के असते. पाऊणपट बेटला केवळ पॉटच्या हिशेबाने कॉल करायला त्याला 30 टक्के हवी. चेक करून आपण त्याला तो पत्ता फुकट दाखवला.

गप्प बसणे कधीकधी योग्यही ठरते. हातात दोन एक्के असताना टेबलावर एक्का, सत्ती आणि दुर्री तीन वेगवेगळ्या रंगांत उघडली, तर समोरच्याकडे कॉल करण्याजोगे काही असण्याचा संभव कमी असतो. अशा वेळी पुढच्या पत्त्यावर त्याची जोडी जुळू द्यावी. ज्याला उगाच ब्लफ मारण्याची खोड आहे, त्याच्यापुढेही चेक करणे फायद्याचे असते.

चौथा पत्ता बदामचा पडला आणि समोरच्याने एकाएकी मोठे रेज केले (बेट वाढवली), तर त्याचा फ्लश झालेला असू शकतो; पॉट आणखी फुगवू नये, पण पत्तेही लगेच टाकू नयेत. न दिसलेल्या 46 पत्त्यांपैकी 10 पत्ते आपल्याला फ्लशलाही हरवणारे फुल हाउस (तीन अठ्ठ्या आणि एक जोडी) किंवा चौथी अठ्ठी देऊ शकतात.