बी-टू-बी (कंपन्यांना विकणाऱ्या) सॉफ्टवेअर स्टार्टअपने सीड फंडिंग (बाहेरची पहिली गुंतवणूक) कधी घ्यावं आणि कंपनीचे किती टक्के द्यावेत?

तुम्हीच लिहिलंय की पंधरा ग्राहक दरमहा पैसे देतायत, आणि तरी तुम्ही ‘किती टक्के सोडू’ विचारताय, म्हणजे कुणीतरी तुम्हाला घाई करतंय. आमच्याकडे ते काम माझा भागीदार करायचा.

आमचं सॉफ्टवेअर भोसरी-चाकणच्या वर्कशॉपसाठी. जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) माल कुठल्या चलनावर, म्हणजे पावतीवर गेला, किती परत आला, स्क्रॅप किती, एवढंच ते सांभाळतं. (57एफ4 हा जॉबवर्कच्या मालाचा एक्साइजचा नियम कधीच गेला, जीएसटी आला, तरी स्टोअरवाला अजून ‘सत्तावन्न एफ फोर काढ’ असंच म्हणतो. हे फंडाच्या असोसिएटला समजावण्यातच आमची अर्धी मीटिंग गेली.) तरी टर्मशीट (गुंतवणुकीच्या अटींचा कागद) आली: 16 कोटी प्री-मनीवर (पैसे येण्याआधीची कंपनीची किंमत) 4 कोटी, म्हणजे 20 टक्के त्यांचे. भागीदार त्याच संध्याकाळी पेढे घेऊन हजर.

मी कागद वाचत बसलो. 15 टक्के ईसॉप पूल (कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले शेअर्स), तोही त्यांचे पैसे येण्याआधी, म्हणजे आमच्याच वाट्यातून. 20 कोटींचे 15 टक्के 3 कोटी, म्हणजे खरी किंमत लावली होती 13 कोटी, आणि आम्हा दोघांकडे मिळून 65 टक्के. वर पार्टिसिपेटिंग लिक्विडेशन प्रेफरन्स! कंपनी 10 कोटींना विकली तर ते आधी आपले 4 कोटी उचलणार आणि उरलेल्या सहातही 20 टक्के घेणार. झाले 5 कोटी 20 लाख. भागीदार म्हणाला, “10 कोटींना विकायचीय कुणाला? तू आधीच हरायचा विचार करतोस.” मी म्हटलं, मग त्यांनी हे कलम कशाला घातलंय? याचं उत्तर त्याने तेव्हा दिलं नाही, आणि मध्यंतरी एका लग्नात भेटला तेव्हाही नाही. विषय बदलून जिलबी घ्यायला गेला.

सही केली नाही. जुन्या ग्राहकांना म्हटलं, वर्षाचे पैसे आगाऊ द्या, दोन महिने फुकट. एरवी 90 दिवसांची उधारी मागणारा मालकसुद्धा यावर चेक फाडतो. त्यातून दोन पोरं नोकरीला ठेवली. भागीदार फंडिंगवाल्या कंपनीत गेला.

आणि हे फक्त आमच्यासारख्या चिल्लर धंद्याचं नाही. मुंबईचं ब्राउझरस्टॅक (वेबसाइट तपासायचं सॉफ्टवेअर) 2011 पासून स्वतःच्या कमाईवर चाललं, आणि 2018 मध्ये अ‍ॅक्सेल या फंडाचे 5 कोटी डॉलर घेतले तेव्हा ग्राहक आधीच जगभर होते. झोहोने तर व्हीसीचा (व्हेंचर कॅपिटल फंडाचा) पैसा घेतलाच नाही. फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची, त्यात बऱ्याच कंपन्या बुडणार हे धरलेलंच असतं. एखादीच पन्नासपट झाली की त्यांचं भागतं. वर्षाला 30 टक्के वाढणारी, नफ्यातली कंपनी तुमच्यासाठी सोनं आहे, त्यांच्यासाठी डोकेदुखी.

आता, अमेरिकेत विकायचं असेल, समोर पैसेवाला स्पर्धक असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. फ्रेशवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीने 2011 मध्येच अ‍ॅक्सेलचे पैसे घेतले आणि 2021 मध्ये नॅसडॅकवर गेले, हेही खरंच. सीडला 15 ते 20 टक्के जातात, त्यात फार ओढाताण करू नका. ओढायचंच तर पूलवर ओढा, आणि प्रेफरन्स नॉन-पार्टिसिपेटिंग (एकतर आधी आपले पैसे, नाहीतर टक्क्यांचा वाटा, दोन्ही नाही), एकपट (घातले तेवढेच), याच्या वर काही ऐकू नका. वकील स्वतःचा लावा. त्यांच्या वकिलाचं बिलही बहुतेक तुमच्याच कंपनीच्या माथी मारतात, त्याला मर्यादा टर्मशीटमध्येच लिहून घ्या.