नागपुरात मे महिन्यात लाइट ट्रॅपला (दिवा लावून रात्रीचे किडे धरायच्या पेटीला) पतंग येतच नाहीत, मग नोंद पावसाळ्यापासून सुरू केली तर चालेल का?

नाही चालणार. आजच्या रात्रीपासून वही सुरू करा, आणि काही नाही आलं तर शून्य लिहा.

तुम्ही विचारलंय, "रिकाम्या रात्री लिहून फायदा काय?" हेच वाक्य मला माझ्या साळ्यानं ऐकवलं होतं, माझ्याच अंगणात, माझाच आमरस खाऊन. तो पतंगांचे फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो, लोक त्याला सर म्हणतात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता. रात्री नऊलाही पारा ३६ च्या खाली उतरत नव्हता. वहीत ओळीनं ०, ०, २, ०. त्यानं पानं चाळली आणि म्हणाला, "भाऊजी, ही कोरी वही कायले भरून राहिले?" एवढ्यावर थांबला नाही. त्या दोन पतंगांपुढे मी "तपकिरी, नखाएवढा, ओळखला नाही" असं लिहिलं होतं, तिथं मोबाइलात बघून लॅटिन नाव लिहून टाकलं. पेननं!

असले बारके तपकिरी पतंग कित्येकदा फोटोवरून ओळखूच येत नाहीत. जाणकारांनाही शरीर उघडून जननांगं बघावी लागतात. चुकीच्या नावापेक्षा "ओळखला नाही" हीच खरी नोंद.

पुढं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पहिली सर आली. माझा मर्क्युरीचा प्रखर दिवा उघडाच होता. तापलेल्या काचेवर थेंब पडले आणि फटकन फुटला. मग ओसरीतला साधा नऊ वॅटचा बल्ब लावून खाली चादर टाकली. अर्ध्या तासात चादर भरली. निम्म्याहून जास्त एकच पतंग, सागाची पानं खाणाऱ्या अळीचा, हिब्लिया प्युएरा. बसला की मातकट, पण मागचे पंख उघडले की काळ्यावर नारिंगी पट्टे. आमच्या घरामागं गोरेवाड्याचं रान आहे, पावसानं सागाला पालवी फुटायच्या वेळी हा थव्यानं येतो. त्या रात्री १४० मोजले, मग चष्म्यावर पाणी आलं.

साळा म्हणतो, दिवा बदलला म्हणून ती नोंद बाद. अहो, दिवा कमजोर झाला आणि पतंग वाढले! आधीची शून्यं नसती तर हे मला तरी कुठं कळलं असतं? तीन वर्षं झाली, दर दिवाळीला हा वाद होतो. तुम्ही वाचणारे लोक आहात, तुम्हीच सांगा.

तर वहीत काय लिहायचं: संध्याकाळची तारीख (पतंग रात्री दोनला आला तरी आदल्या दिवसाचीच), दिवा कोणता, किती वाजता लावला, किती वाजता विझवला, नऊचं तापमान, वारा, पाऊस, चंद्र. पौर्णिमेच्या आसपास आकडा पडतो, तेव्हा घाबरू नका. पेटीत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवा, पतंग त्यात शांत बसतात. मे महिन्यात साडेपाचलाच उजाडतं, त्याच्या आत पेटी उघडा. उशीर केला तर आतले उन्हानं भाजतात, आणि बाहेर सोडलेले सातभाई टिपतात. मोजून झाले की दाट झाडीत सोडा, दिव्याखाली नको.

एक राहिलंच. मी काही शास्त्रज्ञ नाही, बँकेतून रिटायर झालो. आणि दिवा बदललात तर आकडे सरळ एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, एवढं साळ्याचं बरोबर आहे. पण त्याला सांगू नका.