पळसापाशी थांबायचं (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: ताई नमस्कार, मी पुण्यात राहते, गेल्या वर्षी बँकेतून रिटायर झाले. आमच्या भागातल्या पक्षीमित्रांच्या ग्रुपचा मेसेज आलाय, मार्चच्या पहिल्या रविवारी पुण्याजवळ नदीकाठी कवडीपाटला जाणार आहेत. मला चिमणी, कावळा, साळुंकी सोडून काही ओळखता येत नाही, गुडघे पण दुखतात. मुलगा म्हणतो, आई पक्षी बघायचे तर डिसेंबर-जानेवारीत, आता थंडी संपली, सगळे गेले असतील. जाऊ का? आणि एवढ्या जाणकारांत मी काय करू?

उत्तर: जा, नक्की जा. मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हिवाळी पाहुण्यांची गर्दी जानेवारीत जास्त असते हे खरं, पण मार्चच्या सुरुवातीला सगळे काही निघून गेलेले नसतात, चक्रवाकाच्या जोड्या असतात, थापट्या बदकं असतात, धोबी पाण्याच्या कडेनं शेपटी हलवत पळत असतात, आणि नेमकं त्याच वेळी आपले इथले कायमचे रहिवासी विणीच्या तयारीला लागलेले असतात. म्हणजे एकीकडे निघायची लगबग आणि दुसरीकडे संसार मांडायची, दोन्ही एकाच सकाळी बघायला मिळतं. मला स्वतःला जानेवारीपेक्षा हे तीन-चार आठवडेच जास्त आवडतात.

पुढे कधी भिगवणला गेलात, म्हणजे उजनीच्या बॅकवॉटरला, तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघाच, पण नावेभोवती घिरट्या घालणारे कुरव पण नीट बघा. काळ्या डोक्याचा कुरव म्हणतात त्याला, आणि ऐन थंडीत त्याचं डोकं चक्क पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका, इअरफोन लावल्यासारखा. मार्च आला की त्या पांढऱ्या डोक्यावर चॉकलेटी-काळी टोपी चढायला लागते, कुणाची पाव, कुणाची अर्धी, कुणाची पूर्ण, एकाच थव्यात सगळे टप्पे दिसतात. हा त्यांचा विणीचा पेहराव, आणि तो घालून ते उत्तरेला जातात.

पण त्यासाठी लांब जायलाच पाहिजे असं नाही. तुमच्या सोसायटीत आत्ता दुपारी टुक टुक टुक असा एका लयीत आवाज येतोय का बघा, तो तांबट. थंडीत तो बराच गप्प असतो, ऊन तापायला लागलं की सुरू होतो. आवाज काढताना चोच बंद असते आणि गळा फुगतो, आणि तो मान इकडे तिकडे वळवत असल्यामुळे आवाज कधी डावीकडून येतोय कधी उजवीकडून असं वाटतं, म्हणून पटकन सापडत नाही. शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या वाळक्या फांदीला खालच्या बाजूनं गोल भोक दिसलं तर ते बहुतेक त्याचंच घर.

आता जाणकारांत काय करायचं, तर एक झाड धरायचं. ग्रुपमध्ये काही जण यादी वाढवायला पुढे पुढे जातात, त्यांना जाऊ द्या, तुम्ही लीडरला आधीच सांगा की मला गुडघ्यांचा त्रास आहे, मी एखाद्या फुललेल्या पळसापाशी नाहीतर काटेसावरीपाशी अर्धा तास बसते. फोल्डिंग स्टूल न्या. या झाडांवर पानं नसतात आणि फुलात मध असतो, त्यामुळे पक्षी स्वतःहून येतात आणि पानाआड लपायची सोय नसते. सूर्यपक्षी, बुलबुल, कोतवाल, साळुंक्या, पोपट आणि नशीब असेल तर भोरड्यांचा अख्खा थवा, त्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही.

आमच्या ग्रुपबरोबर एका मार्चमध्ये अशाच एक काकू होत्या, आम्ही सगळे पाण्याकडे गेलो आणि त्या बांधावरच्या पळसाखाली बसून राहिल्या. परत आलो तर म्हणाल्या, एक नवीनच पक्षी आलाय. वहीत लिहिलेलं, काळं डोकं, छोटा तुरा, शेपटीखाली लाल, कपाळ पिवळं. पिवळ्या कपाळाचा हा कोण, कुणालाच सांगता येईना, मग सगळेच थांबलो, दहा मिनिटांत तो आला. लालबुड्या बुलबुल, रोजचा, गॅलरीत येतो तोच. कपाळाला पळसाचे पराग माखलेले होते. मी पंचवीस वर्षं बुलबुल बघतेय, पण पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेताना तो मला त्या दिवशी त्यांच्यामुळे दिसला. म्हणून म्हणते, नावं येत नाहीत म्हणून मागे राहू नका. जे दिसतंय ते लिहा, नाव सांगायला ग्रुप आहे.

आणि हो, लीडरला वॉशरूमचं आधी विचारून ठेवा, बायका संकोचानं विचारत नाहीत आणि मग दिवसभर पाणी पीत नाहीत. मळखाऊ रंगाचे कपडे, टोपी, पाणी, बास.

प्रश्न: पहिल्यांदाच क्लबबरोबर जातोय. दुर्बीण कोणती घेऊ? दुकानदार झूमवाली घ्या म्हणतो. (वाचक, सातारा)

उत्तर: पहिल्या फेरीला घेऊच नका, दोन-तीन जणांच्या बघा आणि मग ठरवा. साधारण ८ बाय ४२ चांगली. ८ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, भिंग मोठं तितका पहाटेच्या अंधुक उजेडात फायदा. जास्त पटीची घेतली की हात हलतो, चित्र थरथरतं आणि दिसणारा भागही कमी होतो, मग फांदीवरचा पक्षी शोधण्यातच वेळ जातो. झूमवाली नको. आणि पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवलाच.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये एक सिनियर फोटोग्राफर आहेत, ते मोबाईलला स्पीकर लावून पक्ष्यांचे कॉल वाजवतात. पक्षी लगेच समोर येतो, सगळे खूश. मला बरं वाटत नाही पण मी नवीन आहे, कसं बोलू?

उत्तर: तुम्हाला बरं वाटत नाही ते बरोबरच आहे. आणि या दिवसांत तर अजिबातच वाजवू नये. आत्ता नर आपापली हद्द ठरवत असतात, कॉल ऐकला की त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला, तो खायचं सोडून, जोडीदाराला सोडून त्या नसलेल्या नराला हाकलायला येतो. आपण म्हणतो काय मस्त पोझ दिली. आपण निघून जातो, पण तो नंतरही शोधत फिरतो. घरट्यात अंडी असतील तर तेवढ्या वेळात कावळ्याला संधी मिळते. कायद्याचं बोलायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये रानपक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्याच व्याख्येत येतं.

सगळ्यांसमोर बोलू नका, आदल्या दिवशी लीडरला फोन करा आणि म्हणा की सर, निघतानाच सगळ्यांना सांगाल का, विणीचा हंगाम आहे, कॉल वाजवायचे नाहीत, घरट्याचा फोटो नाही, लोकेशन ग्रुपवर टाकायचं नाही. नियम सगळ्यांना म्हणून सांगितला की कुणाचा अपमान होत नाही. तरी ऐकलं नाही तर ग्रुप बदला, मी स्वतः बदललाय आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

प्रश्न: मुलगी सात वर्षांची आहे, तिला नेऊ का? शांत बसत नाही. (वाचक, बारामती)

उत्तर: न्या. तिला मोजायचं काम द्या, पंधरा मिनिटं, एका जागी, जेवढे वेडे राघू तारेवर दिसतील तेवढे वहीत. तेवढी गणना ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकता येते, तिची मोजदाद खरी कामाला येतेय हे तिला सांगा.

एकच काळजी घ्या, माळावर किंवा तळ्याच्या कोरड्या काठावर तिला पायवाट सोडून धावू देऊ नका. टिटवी या दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालायला लागते, बहुतेक चार, आणि ती आजूबाजूच्या खड्यांसारखीच मातकट, ठिपक्यांची, पाय पडेपर्यंत कळत नाही. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली की अंडी शोधायची नाहीत, आलात त्याच वाटेनं मागे फिरायचं. तिचं ओरडणं थांबलं की समजा तुम्ही पुरेसे लांब आलात.